यकृताची साक्ष : हॉज्किनच्या रोगाची अवस्था ठरविण्याच्या पद्धतींचा इतिहास

१. विषयप्रवेश

रोगाचा शोध आणि जुन्या कागदांचा शोध हे दोन व्यवसाय वरकरणी एकमेकांपासून दूर दिसतात; परंतु पुराव्याची पारख हा दोहोंचाही पाया आहे. एखाद्या दप्तराचा एक रुमाल सोडून चार कागद पाहिले, त्यांत अमुक मोहिमेचा उल्लेख मिळाला नाहीं, आणि तेवढ्यावरून ती मोहीम झालीच नाहीं असें कोणी म्हणूं लागला, तर आपण त्यास प्रथम हेंच विचारतों कीं, बाकीचे रुमाल पाहिले काय? विसाव्या शतकांतील वैद्यांसमोर हाच प्रश्न मनुष्याच्या यकृताविषयीं उभा राहिला, आणि त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं त्यांनीं ज्या पद्धति काढल्या, वापरल्या व शेवटीं सोडून दिल्या, त्यांचा वृत्तांत पुराव्याच्या शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या कोणासही उपयुक्त वाटावा असा आहे.

हॉज्किनचा रोग हा लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचा, म्हणजे लिंफोमाचा, एक प्रकार होय. मानेंत, काखेंत किंवा छातींत गांठी येऊन तो बहुधा प्रकट होतो. मानेंतील गांठ हातास लागते व तिचा तुकडा काढून रोगाचें निदान करतां येतें. परंतु पोटांत हा रोग कोठवर पोंचला आहे हें बाहेरून कळत नाहीं. आणि तो यकृतांत पोंचला असल्यास उपचाराची सर्व दिशाच बदलते. या एका प्रश्नाच्या निर्णयासाठीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून सुमारें दोन दशकें युरोप व अमेरिकेंत असंख्य रोग्यांचें पोट उघडून, त्यांची पानथरी काढून व यकृताचे तुकडे घेऊन तपासणी करण्यांत आली. रोग बरा करण्यासाठीं नव्हे, तर तो कोठें आहे हें निश्चित करण्यासाठीं केलेली ही मोठी शस्त्रक्रिया होती.

आज ती इतिहासजमा झाली आहे, व तिच्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एका मतानें हा केवळ शस्त्रवैद्यांचा अतिरेक होता. दुसऱ्या मतानें या रोगावरील आधुनिक उपचाराचा पाया तिनेंच घातला. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धाच पुरावा पाहतात. या शस्त्रक्रियेनें जें ज्ञान मिळवून दिलें त्यानेंच तिची आवश्यकता हळूहळू संपविली. दोष द्यावयाचा तो तें ज्ञान हातीं आल्यावरही ती पुष्कळ काळ सरसकट चालू राहिली याला द्यावा लागेल. हें विधान कशाच्या आधारें केलें, तें पुढें क्रमानें मांडतों.

२. मूळ साधन

या रोगाचें आद्य साधन म्हणजे टॉमस हॉज्किन (१७९८–१८६६) यांचा १८३२ सालच्या जानेवारींत लंडन येथील मेडिको-चिरर्जिकल सोसायटींत वाचला गेलेला निबंध. हॉज्किन हे गायज् रुग्णालयांत मृतदेहांची तपासणी करीत व तेथील संग्रहालयाची व्यवस्था पाहत. शोषक ग्रंथी व पानथरी यांच्या कांहीं विकृत रूपांविषयीं, असा त्या निबंधाच्या शीर्षकाचा आशय आहे. शीर्षकांत ग्रंथींच्या जोडीला पानथरीचें नांव आहे, यकृताचें नाहीं; ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व इतिहासांत पानथरी व यकृत् यांचा परस्परसंबंध हाच कळीचा मुद्दा ठरला.

हॉज्किन सूक्ष्मदर्शक यंत्राशीं अपरिचित नव्हते. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्यासह त्यांनीं १८२७ सालीं त्या यंत्राच्या साहाय्यानें केलेलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं होतीं. तथापि १८३२ चा निबंध सर्वस्वीं डोळ्यांनीं पाहिलेल्या लक्षणांवर उभारलेला आहे. निबंधाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. १८५६ सालीं त्याच रुग्णालयांतील सॅम्युएल विल्क्स यांनीं तशाच विकृतीचें स्वतंत्रपणें वर्णन केलें, मागाहून हॉज्किन यांचा निबंध त्यांच्या दृष्टीस पडला, आणि १८६५ सालीं त्यांनीं स्वतःचा हक्क न सांगतां रोगास हॉज्किन यांचें नांव दिलें. पूर्वसूरींच्या श्रेयाविषयींचा हा प्रामाणिकपणा संशोधकांनीं अनुकरण करण्याजोगा आहे.

पुढें १८९८ सालीं कार्ल स्टर्नबर्ग यांनीं व १९०२ सालीं डोरोथी रीड यांनीं या रोगांत आढळणाऱ्या विशिष्ट मोठ्या पेशींचें वर्णन केलें. या पेशी रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणून प्रसिद्ध आहेत. एखाद्या कागदावरील मोर्तब पाहून तो कोणत्या दरबारचा तें ओळखावें, तसें या पेशींवरून रोग ओळखला जाऊं लागला. अर्थात् मोर्तबाभोंवतींचा मजकूरही पाहावा लागतोच.

संग्राहकांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची घटना याच्यापुढची आहे. हॉज्किन यांनीं पाहिलेल्या कांहीं रोग्यांच्या शरीरांतील तुकडे गायज् रुग्णालयाच्या संग्रहालयांत जपून ठेवलेले होते. हर्बर्ट फॉक्स यांनीं त्यांपासून पातळ काप तयार करवून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले व १९२६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारें शंभर वर्षें जतन केलेल्या त्या अवशेषांपैकीं कांहींत हाच रोग खरोखर होता असें सिद्ध झालें. हे तुकडे कोणीं निरुपयोगी म्हणून टाकून दिले असते तर हॉज्किन यांच्या विधानाची अशी फेरतपासणी कायमची अशक्य झाली असती.

३. सुईचा मार्ग

जिवंत मनुष्याच्या यकृतांत सुई घालून त्याचा अंश काढल्याचा पहिला उल्लेख १८८३ सालचा असून तो पाउल एर्लिख यांच्या नांवावर आहे. मधुमेह्यांच्या यकृतांत ग्लायकोजेनचें प्रमाण किती हें त्यांस पाहावयाचें होतें. १८९५ सालीं इटलींत लुकातेल्लो यांनीं व १९०७ सालीं शुप्फर यांनीं हा मार्ग रोगनिदानासाठीं वापरला. परंतु रक्तस्रावाच्या भीतीनें तो दीर्घकाळ फारसा रूढ झाला नाहीं. १९३९ सालीं कोपनहेगन येथें इव्हर्सन व रोहोल्म यांनीं काविळीच्या रोग्यांवर तो पद्धतशीरपणें वापरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत काविळीच्या सांथींमुळें लंडन येथें शीला शेरलॉक यांस त्याचा विस्तृत अनुभव मिळाला व १९४५ सालीं त्यांनीं तंत्राचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें.

सुईचे मुख्य प्रकार दोन. १९३८ सालीं सिल्व्हरमन यांनीं वर्णिलेल्या सुईंत आंतील पातें दुभंगलेलें असून तें मांसांत शिरून तुकडा धरून ठेवी, व बाहेरील नळी त्यावर सरकवून तुकडा कापला जाई. १९५८ सालीं मेंगिनी यांनीं धारदार तोंडाची बारीक पोकळ सुई व पिचकारीची ओढ यांच्या योगें केवळ एका सेकंदांत तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. यकृत् श्वासाबरोबर वरखालीं होतें; सुई त्यांत जितका वेळ अधिक राहील तितका तें फाटण्याचा धोका अधिक. हा वेळ कमी केल्यानें धोकाही घटला, आणि ही तपासणी मोठ्या प्रमाणावर रूढ झाली.

रोग्यानें श्वास सोडून रोखून धरावयाचा, उजव्या बाजूच्या खालच्या फांसळ्यांमधून सुई आंत घालावयाची, तुकडा घ्यावयाचा, आणि नंतर रोग्यास कांहीं तास निजवून नाडीवर लक्ष ठेवावयाचें, असा या क्रियेचा क्रम. रक्त गोठण्यांत दोष असल्यास ती वर्ज्य. अशा रोग्यांसाठीं मानेच्या शिरेंतून नळी उतरवून यकृताच्या शिरेमार्गें तुकडा घेण्याची युक्ति पुढें १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली.

आतां या पुराव्याचें मोल पाहूं. प्रौढ मनुष्याचें यकृत् दीड किलोच्या सुमाराचें असतें, व सुईनें येणारा तुकडा एकंदर यकृताचा सुमारें पन्नास हजारावा हिस्सा असतो. कावीळ किंवा यकृताचें काठिण्य यांसारखे विकार सर्व यकृतभर पसरलेले असतात. तेथें एवढा तुकडा बहुधा पुरतो. हॉज्किनचा रोग मात्र यकृतांत ठिकठिकाणीं तुरळक बेटें करून राहतो. त्या बेटांतून सुई गेली तर रोग सांपडला. न गेली तर तो नाहीं असें म्हणण्यास आधार नाहीं. होकारार्थी साक्ष बळकट व नकारार्थी साक्ष दुर्बळ, हें सुईच्या पुराव्याचें स्वरूप आहे. आणि तें दप्तर चाळणाऱ्यांस अपरिचित नाहीं.

४. प्रश्न निकडीचा कां झाला

जोंपर्यंत रोग असाध्य मानला जात होता तोंपर्यंत तो कोठें पसरला आहे या प्रश्नास व्यवहारांत फारसें महत्त्व नव्हतें. १९५० सालीं टोरोंटो येथील व्हेरा पीटर्स यांनीं किरणोपचार घेतलेल्या रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध करून, रोगाच्या अवस्था पाडल्या असतां आरंभींच्या अवस्थेंतील रोगी दीर्घकाळ जगतात, हें दाखविलें. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत हेन्री कॅप्लन यांनीं १९५६ पासून रेषीय त्वरकाचा उपयोग सुरू केला, व पुढें सॉल रोझेनबर्ग यांच्या सहकार्यानें रोगग्रस्त ग्रंथी व त्यांच्या शेजारच्या ग्रंथी यांवर पुरेशा मात्रेचे किरण सोडून रोग समूळ नाहींसा करण्याचा कार्यक्रम आंखला. १९६४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत चार औषधांच्या संयोगाचा प्रयोग चालू झाला. त्याचा वृत्तांत १९७० सालीं डेव्हिटा व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केला.

म्हणजे आतां हातांत दोन शस्त्रें आलीं : मर्यादित क्षेत्रांतील रोगास किरण, सर्वत्र पसरलेल्यास औषधें. यकृत् या दोहोंच्या सीमेवर उभें होतें. ग्रंथींतील रोग निर्मूळ करण्यासाठीं चाळीस ग्रेच्या आसपासची मात्रा लागे. सबंध यकृतास ती सोसत नाहीं. किरणांमुळें यकृतास होणाऱ्या इजेचें वर्णन स्टॅनफर्ड येथूनच १९६५ सालीं प्रसिद्ध झालें होतें. सबब यकृतांत रोग असल्यास केवळ किरणांवर विसंबणें व्यर्थ, आणि नसल्यास त्या काळच्या जहाल औषधांचा मारा अनावश्यक. चुकीच्या उत्तराची किंमत दोन्ही बाजूंनीं रोग्यासच द्यावी लागणार होती.

यकृताचा आकार व रक्ताच्या चांचण्या यांवर भरंवसा ठेवतां येईना. वाढलेलें यकृत् पुष्कळदां रोगमुक्त निघे, व हातास प्राकृत लागणाऱ्या यकृतांत कधीं रोग सांपडे. पायांतील लसीकावाहिन्यांत तैलद्रव्य भरून क्षकिरणचित्र काढण्याच्या रीतीनें कंबरेच्या व पाठीच्या कण्याजवळच्या ग्रंथी दिसत; पानथरी व यकृत् यांविषयीं ती मूक होती.

५. उदरच्छेद

या अडचणींतून स्टॅनफर्ड येथें पोट उघडून प्रत्यक्ष पाहण्याचा मार्ग निघाला. ग्लॅटस्टीन, गर्न्सी, रोझेनबर्ग व कॅप्लन यांचा त्याविषयींचा पहिला मोठा वृत्तांत १९६९ सालचा आहे. १९७१ सालीं अॅन आर्बर येथील परिषदेनें रोगाच्या चार अवस्थांची जी व्यवस्था ठरविली तींत बाह्य लक्षणांवरून ठरविलेली अवस्था व तुकड्यांच्या तपासणीवरून ठरविलेली अवस्था अशा दोन निरनिराळ्या नोंदी करण्याचा नियम झाला. पानथरीस ग्रंथींच्या वर्गांत धरण्यांत आलें. यकृतांत रोग सांपडल्यास मात्र अवस्था चौथीच, असें ठरलें.

शस्त्रक्रियेचा क्रम ठरलेला असे. पोट मध्यरेषेवर उघडून सर्व अवयव डोळ्यांनीं व हातानें तपासावयाचे. त्यानंतर प्रथम यकृत् : त्याच्या कडेचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापावयाचा, उजव्या व डाव्या अशा दोन्ही खंडांत सुई खोल घालून आंतील तुकडे घ्यावयाचे, आणि पृष्ठभागावर कोठें गांठ किंवा पांढुरका डाग दिसल्यास तोही निराळा काढावयाचा. मग पानथरी सबंध काढावयाची व तिच्या मुखाशीं असलेल्या ग्रंथी घ्यावयाच्या. त्यापुढें महारोहिणीजवळच्या, आंत्रपटलांतील व कंबरेच्या ग्रंथींचे नमुने. ग्रंथी काढलेल्या जागीं धातूच्या बारीक चिमट्यांची खूण ठेवीत, म्हणजे किरणोपचाराचें क्षेत्र आंखतांना ती जागा चित्रांत दिसावी. कमरेच्या हाडांतून मज्जेचा तुकडा घेत. तरुण स्त्रियांचे अंडाशय किरणांच्या वाटेंतून हलवून मध्यभागीं बांधून ठेवीत, म्हणजे पुढें अपत्यप्राप्तीची आशा राहावी.

पाचर व सुई असे दोन प्रकार एकाच यकृतावर कां, असें कोणी विचारील. पाचरीचा तुकडा मोठा, पण तो कडेचा. यकृताच्या आवरणाखालच्या थरांत तंतुमय धागे स्वभावतःच अधिक असतात. केवळ तेवढाच थर पाहिल्यास निरोगी यकृतही काठिण्यानें ग्रासलेलें वाटावें. सुईचा तुकडा लहान, पण तो गाभ्यांतला. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून निघे. यकृताचा तुकडा आरंभींच घेण्यासही कारण होतें : शस्त्रक्रिया लांबली व अवयवांची हाताळणी झाली म्हणजे यकृतांत पांढऱ्या पेशींचे पुंजके गोळा होतात, व तपासणारास ते दाहाचे चिन्ह वाटण्याचा संभव असतो. साक्षीदारास त्रास देऊन घेतलेली जबानी जशी बिघडते, तसाच हा प्रकार.

६. तुकड्याचें वाचन

तुकडा हातीं आला म्हणजे निकाल लागला असें नव्हे. त्याचें वाचन करावें लागतें, आणि वाचनांत मतभेद संभवतात. यकृतांतील हॉज्किनचा रोग बहुधा शिरा, रोहिणी व पित्तनलिका जेथें एकत्र असतात अशा त्रिकोणी जागांत प्रथम घर करतो. परंतु त्याच जागांत सामान्य दाहाच्या पेशीही जमतात. मग रोग म्हणावा केव्हां? रीड-स्टर्नबर्ग पेशी दिसलीच पाहिजे असा आग्रह धरावा, तर लहान तुकड्यांत ती क्वचितच मिळे. न धरावा, तर सामान्य दाहासही रोग म्हटलें जाण्याची भीति.

या वादाचा निकाल करण्यासाठीं अॅन आर्बरच्या परिषदेंत रॅपापोर्ट यांच्या समितीनें नियम घालून दिले, व ल्यूक्स यांनींही १९७१ सालीं त्यांचें विवरण केलें. सारांश असा कीं, ज्या रोग्याच्या ग्रंथींत रोग आधींच सिद्ध झाला आहे त्याच्या यकृतांत त्या पेशींच्या जातीच्या एककेंद्री पेशी रोगाच्या विशिष्ट परिसरांत आढळल्या तरी पुरे; मूळ निदान करतांना मात्र पूर्ण लक्षणांची पेशी हवी. ज्याचें हस्ताक्षर एकदां निर्विवाद कागदावरून ठरलें आहे त्याचें त्रोटक टिपणही ओळखतां येतें, परंतु पहिली ओळख अस्सल सहीवरूनच पटवावी लागते, त्यांतलाच हा न्याय होय.

दुसरा सांपळा कणार्बुदांचा, म्हणजे ग्रॅन्युलोमांचा. केडिन, डोनाल्डसन व डॉर्फमन यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, हॉज्किनच्या रोग्यांच्या यकृतांत व पानथरींत क्षयासारख्या दिसणाऱ्या बारीक गांठी कधीं कधीं आढळतात, परंतु त्या म्हणजे रोगाचा प्रसार नव्हे. त्यांस रोग समजून अवस्था चौथी ठरविल्यास रोग्यास विनाकारण जहाल उपचार होत. म्हणून एका तुकड्याचे अनेक काप क्रमानें पाहण्याचा नियम आवश्यक मानला गेला.

या सर्व परिश्रमांतून जें फलित निघालें तें आतां सांगतों. हजारों तुकडे पाहिल्यावर असें दिसून आलें कीं, बाह्य लक्षणांवरून ठरविलेली अवस्था चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या रोग्यांत चुकीची होती. हातास न लागणाऱ्या पानथरींत अनेकदां रोग होता, व वाढलेल्या पानथऱ्यांपैकीं पुष्कळ निर्दोष होत्या. आणि यकृताविषयीं एक महत्त्वाचा नियम हातीं आला : पानथरी रोगमुक्त असतां यकृत् रोगग्रस्त सांपडणें जवळजवळ होतच नाहीं. केडिन, ग्लॅटस्टीन व डॉर्फमन यांनीं १९७१ सालीं ११७ रोग्यांचा, आणि कॅप्लन, डॉर्फमन, नेल्सन व रोझेनबर्ग यांनीं १९७३ सालीं लागोपाठच्या २८५ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोग पोटांत कोणत्या वाटांनीं पसरतो याचें ज्ञान मुख्यत्वें अशा वृत्तांतांनीं स्थिर केलें. हॉज्किन यांच्या शीर्षकांत ग्रंथींशेजारीं पानथरीचेंच नांव कां होतें, याचा अर्थ येथें अधिक स्पष्ट होतो.

७. दुर्बिणीचा मार्ग

पोट न उघडतां यकृत् पाहण्याची कल्पना जुनी आहे. केलिंग यांनीं १९०१ सालीं कुत्र्यावर व याकोबेउस यांनीं १९१० सालीं मनुष्यावर उदरांत दुर्बीण घातली. जर्मनींत काल्क यांनीं १९२९ पासून या तंत्राचा विशेष विकास केला. हॉज्किनच्या रोगांत त्याचा उपयोग डेव्हिटा, बॅग्ली व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं वर्णिला. १९७३ सालीं बॅग्ली प्रभृतींनीं लिंफोमाच्या रोग्यांवर लागोपाठ केलेल्या ९६ दुर्बीण-तपासण्यांचा वृत्तांत दिला. डोळ्यांसमोर यकृताचा पृष्ठभाग ठेवून दोन्ही खंडांतून अनेक तुकडे घेतां येत असल्यामुळें आंधळ्या सुईपेक्षां ही रीत अधिक भरंवशाची, आणि यकृतांत रोग सांपडल्यास पुढचा उदरच्छेद टळे. मिलान येथें बेरेत्ता, बोनादोन्ना व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत प्रथम दुर्बीण व नंतर उदरच्छेद असा क्रम ठेवून दोहोंची तुलना केली. यकृताच्या प्रश्नापुरती दुर्बीण उदरच्छेदाच्या जवळ पोंचली. पानथरी व खोल ग्रंथी मात्र तिच्या पूर्ण आटोक्यांत येत नव्हत्या.

हॉज्किनेतर लिंफोमांत तर प्रश्न याहून लवकर सुटला. त्या रोगांपैकीं पुष्कळ आरंभापासूनच विखुरलेले असतात. चॅब्नर व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं दाखविलें कीं, मज्जेचा तुकडा, सुईनें व दुर्बिणीनें घेतलेले यकृताचे तुकडे अशा सोप्या तपासण्या पायरीपायरीनें केल्यास बहुतेक रोग्यांची चौथी अवस्था आधींच सिद्ध होते व उदरच्छेद थोड्यांसच लागतो. सौम्य उपायानें कार्य होत असेल तर कठोर उपायाकडे वळूं नये, हा नियम येथें प्रमाणानें सिद्ध झाला.

८. मोजलेली किंमत

उदरच्छेदांत यकृताचा तुकडा घेणें हा भाग त्या मानानें निर्धोक होता. खरी किंमत पानथरीची पडली. पानथरी काढलेल्या अर्भकांस जंतुदोषाचे प्राणघातक झटके येतात हें किंग व शूमाकर यांनीं १९५२ सालींच सांगितलें होतें. म्हणजे उदरच्छेद रूढ होण्यापूर्वीं सुमारें सोळा-सतरा वर्षें हा इशारा छापील स्वरूपांत उपलब्ध होता. १९७६ सालीं चिल्कोट प्रभृतींनीं हॉज्किनच्या रोगासाठीं पानथरी काढलेल्या मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत रक्तांतील जंतुदोष व मस्तिष्कावरणदाह यांचे प्रसंग चिंताजनक प्रमाणांत आढळले, व कांहीं मुलें दगावलीं. सकाळीं सामान्य ताप यावा व दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीं मृत्यु यावा इतका हा दोष शीघ्र असूं शकतो.

पुढें न्यूमोकोकसविरुद्ध लस निघाली, प्रतिजैविकें आधींपासून देण्याची प्रथा पडली. तथापि धोका पूर्णपणें गेला नाहीं व तो जन्मभर राहतो. त्या काळांत तरुणपणीं ही शस्त्रक्रिया झालेले कित्येक लोक आजही हयात आहेत. हॉज्किनच्या रोगांतून ते बरे झाले, परंतु प्रत्येक तापाकडे त्यांस सावधपणें पाहावें लागतें. या इतिहासाचा हिशेब मांडतांना त्यांस वगळून चालणार नाहीं.

९. पद्धतीचा अस्त

तीन कारणांनीं ही पद्धति मावळली. पहिलें, १९७० नंतरच्या दशकांत संगणकीय क्षकिरणचित्रण आलें व पोटांतील ग्रंथी शस्त्रावांचून दिसूं लागल्या. १९८८ सालच्या कॉट्सवोल्ड्स येथील परिषदेनें अवस्थानिर्णयांत त्यास स्थान दिलें. दुसरें, औषधें अधिक गुणकारी व सौम्य झालीं. आरंभींच्या अवस्थेंतही थोडीं औषधें व थोडे किरण एकत्र देण्याची रीत पडल्यावर पोटांत लपलेला सूक्ष्म रोग औषधांनींच निपटला जाऊं लागला, आणि तो तेथें आहे कीं नाहीं हें आधीं जाणण्याची निकड कमी झाली.

तिसरें कारण आमच्या प्रतिपादनाच्या दृष्टीनें मुख्य आहे. उदरच्छेदाच्या शेंकडों नोंदी एकत्र करून, कोणत्या लक्षणांच्या रोग्यांत पोटांत रोग सांपडण्याचा संभव किती, याचे आडाखे बांधण्यांत आले. स्टॅनफर्ड येथून १९८९ सालीं व बॉस्टन येथून १९९० सालीं असे अभ्यास प्रसिद्ध झाले. वय, लिंग, रोगाच्या जागांची संख्या व पेशींची जात यांवरून अंदाज करतां येऊं लागला. शेवटीं युरोपांतील कर्करोगसंशोधन संघटनेनें अनुकूल लक्षणांच्या २६२ रोग्यांची यदृच्छेनें विभागणी करून एका गटांत उदरच्छेद केला व दुसऱ्यांत केला नाहीं. कार्ड प्रभृतींनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निकालाप्रमाणें उदरच्छेदानें आयुर्मान वाढलें नाहीं. उलट शस्त्रक्रियेशीं निगडित मृत्यु मात्र घडले. त्यानंतर या पद्धतीच्या बाजूनें बोलण्यास जागा राहिली नाहीं.

आज पॉझिट्रॉन-चित्रणानें शरीरांतील रोगग्रस्त जागा एकाच वेळीं पाहतात. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या लुगानो वर्गीकरणांत यकृताची गणनाही मुख्यतः चित्रावरून होते, त्याच्या आकारावरून नव्हे. हॉज्किनच्या रोगांत असें चित्र काढलें असल्यास मज्जेच्या तुकड्याचीही सामान्यतः गरज उरलेली नाहीं. आणि २००९ सालीं फ्रान्समधील दोव्हील येथें ठरलेल्या पांच पायऱ्यांच्या मापनांत तर रोगाच्या जागेची चमक निरोगी यकृताच्या चमकेशीं ताडून पाहतात. ज्या यकृताची साक्ष काढण्यासाठीं पोट उघडावें लागे, तेंच आतां मोजमापाचें प्रमाण झालें आहे. शंकास्पद जागीं सुईनें तुकडा घेणें मात्र अजूनही चालू आहे, व तें योग्यच आहे.

१०. निष्कर्ष

वरील पुराव्यावरून आमचे निष्कर्ष असे :

(अ) लहान तुकड्यांत रोग न मिळणें म्हणजे यकृत् निर्दोष असणें नव्हे, ही जाणीव उदरच्छेदाच्या मुळाशीं होती, व ती शास्त्रदृष्ट्या योग्य होती.

(आ) उदरच्छेदानें रोगाच्या प्रसाराचा, विशेषतः पानथरी व यकृत् यांच्या संबंधाचा, जो नियम सिद्ध केला तो दुसऱ्या कोणत्याही साधनानें त्या काळीं सिद्ध झाला नसता. केवळ अतिरेक म्हणून त्यास निकालांत काढणें अन्यायाचें होय.

(इ) तथापि नियम सांपडल्यावर प्रत्येक रोग्यावर तो पुनः पुनः सिद्ध करीत बसण्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. १९७१ ते १९७३ पर्यंत मुख्य ज्ञान हातीं आलें होतें, १९७६ सालीं मुलांच्या हानीचा पुरावा समोर आला होता. निर्णायक तुलना मात्र १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. या मधल्या काळाचा भार रोग्यांनीं वाहिला.

(ई) या पद्धतीचा अस्त जितका नव्या यंत्रांनीं घडवून आणला, तितकाच तिच्या स्वतःच्या काळजीपूर्वक राखलेल्या नोंदींनीं. नोंदी नसत्या तर आडाखे बांधतां आले नसते, आणि आडाख्यांवांचून शस्त्र खालीं ठेवण्याचा धीर झाला नसता.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. जुन्या वाड्यांतून व बंद पडलेल्या दवाखान्यांतून वैद्यांच्या व डॉक्टरांच्या रोगीवह्या, शस्त्रक्रियेचीं टिपणें, कांचेवरील काप व मेणांत बसविलेले तुकडे पुष्कळदां रद्दी म्हणून बाहेर पडतात. सनदा व बखरी यांच्या मानानें हीं साधनें क्षुद्र वाटतात. परंतु गायज् रुग्णालयांतील अवशेषांनीं शतकानंतर काय सिद्ध केलें तें वर सांगितलेंच आहे. अशीं साधनें हातीं आल्यास रोग्यांचीं नांवें गुप्त ठेवून तीं जतन करावीं, त्यांची यादी करावी, व जेथें त्यांचा अभ्यास होऊं शकेल अशा वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या स्वाधीन करावीं.